पिंपळावरची गाठोडी

सौ. वैजयंतीस, लांबूनच आशीर्वाद. हल्ली जवळ येऊन द्यायची सोय नाही.

मी ठणठणीत आहे. शेजारही शांत आहे. साथीत रामकुंड बंद असल्यामुळे बाहेरगावचे लोक अस्थी माझ्याकडेच ठेवून जातात. घरात ठेवायच्या नाहीत, म्हणून अंगणातल्या पिंपळाला गाठोडी टांगतो; परवापर्यंत अकरा होती. रोज संध्याकाळी प्रत्येकाचं नाव-गोत्र म्हणतो. कुणाला आपण विसरले गेलो असं वाटू नये.

घाटावरची दुकानं आणि विधी सुरू करावेत का, यावर दहा दिवसांपूर्वी बैठकीत चांगलीच जुंपली. मी म्हणालो, थांबा. फुलवाल्या कुसाबाई कडाडल्या, "गुरुजी, तुमचे मंतर नासत नाय, माझी फुलं नासतात!" माझं सगळं संस्कृत गप्प झालं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. त्यांचे यजमान खंडेराव मात्र माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मनावर घेऊ नका, गुरुजी."

काल कुसाबाई गाठोडं घेऊन आल्या. खंडेरावांचं.

"आता तरी कुंड उघडा म्हणा. फुलांसाठी नाय म्हणत."

मी पुन्हा थांबाच म्हणालो. त्यांनी टोपलीतला उरलेला झेंडू बाराही गाठोड्यांना वाहिला आणि गेल्या.

वाईला आईचे गुडघे कसे आहेत? आपल्या आभाचा खोकला? खरं लिही. मला दोन दिवस भाताची चव लागत नाही, पण तो मीच शिजवलेला असतो, तेव्हा काळजी करू नकोस.

नाव-गोत्र तुला पाठ आहेच,
उपेंद्र