एकोणीस दिवस गैरहजर

ता. ४ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा लष्करातला नंबर सापडला, पण एक नाही, दोन. लष्करी दप्तरखान्याच्या मुख्य बाईंनी आज सकाळी साडेदहाला हे मला तोंडी सांगितलं आणि मी खुर्ची सोडेना म्हणून शेवटी लिहून, शिक्का मारून दिलं.

झालं असं की काही वर्षांपूर्वी तळमजल्यावर पाणी शिरलं, त्यात नावांच्या सगळ्या रजिस्टरांचा लगदा झाला. वरच्या फळ्यांवर होती ती नंबरांची रजिस्टरं तेवढी वाचली, आणि त्यांत नावं नाहीत. म्हणजे माणूस शोधायचा तर आधी त्याचा नंबर हवा. तू पाठवलेलं बाबांचं पदक मी कापसात गुंडाळून नेलं होतं. बाईंनी भिंग लावून कड वाचली. पाच आकडे स्वच्छ, सहावा गुळगुळीत. तीन असेल नाहीतर आठ. डॉक्टरांचं अक्षर वाचून औषधं देण्यात माझी तीस वर्षं गेली, पण हा आकडा मलाही लागला नाही.

तो कुणी पुसला ते तुला वेगळं सांगायला नको. आईने बाबा गेल्यापासून दर रविवारी पूड लावून पदक घासलं, आणि अंगठा ठेवला नेमका त्याच जागी. बाई म्हणाल्या की इतकं चकचकीत पदक त्यांनी आजवर पाहिलं नाही, थोडं कळकट असतं तर फार बरं झालं असतं.

दोन्ही नंबर एकाच कंपनीतल्या ट्रक-ड्रायव्हरांचे आहेत. तीनवाल्याच्या नंबरापुढे शेवटपर्यंत उत्तम वर्तणूक. आठवाल्यापुढे शेरा आहे: परवानगीशिवाय एकोणीस दिवस गैरहजर, स्वतःहून हजर, अठ्ठावीस दिवस कैद. घरच्यांनी सही करून जो नंबर आपला म्हणून सांगितला, त्याचा दाखला मिळेल.

म्हणून एक काम कर. बाबा सायकलच्या दुकानातल्या प्रत्येक हत्यारावर आपला नंबर ठोकायचे. एखादा पाना, एखादी पक्कड कुठे उरली असेल तर बघ. आईचा गुडघा कसा आहे ते लिही. तू नेहमी "ठीक" एवढंच लिहितोस, त्यातून मला औषध काढता येत नाही.

लोभ आहेच, तो निदान एका पानभर पत्राइतका तरी कळवत जावा.

तुझी,
धाकटी

---

ता. ९ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीन लिही आणि सही करून टाक.

यात विचार करण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. नगरपालिकेच्या दारात युद्धावर गेलेल्यांच्या नावांची पाटी लागते आहे. यादी तीस तारखेला बंद होणार. समितीचे चिटणीस म्हणजे आपले जुने हेडमास्तर, तुला ठाऊकच आहेत. त्यांचा नियम असा की दाखला हवा आणि सेवा निष्कलंक हवी. नियमापुढे ते सख्ख्या भावाचं ऐकत नाहीत. आईचं वय अठ्ठ्याऐंशी. पाटीवर नाव बघायचं एवढं एकच तिच्या मनात उरलं आहे. रोज सकाळी विचारते की धाकटीचं पत्र आलं का. गल्लीत मी सगळ्यांना सांगून बसलो आहे तो भाग वेगळा.

हत्यारं दुकानाबरोबर विकली गेली. एक पानाही शिल्लक नाही. शोधून झालं आहे, पुन्हा विचारू नकोस.

आईचा गुडघा सकाळी आखडतो, ऊन अंगावर आलं की सैल होतो. जिना उतरताना डावा पाय आधी टाकते. जेवण दोन वेळ, भांडण तीन वेळ. आता भरलं पान?

दाखला परतीच्या टपालाने धाड.

तुझा,
दादा

---

ता. १५ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

तुझं पत्र मला पटलं नाही. तू जमिनी मोजणारा माणूस, वीतभर बांधासाठी तीनदा साखळी टाकणारा, आणि इथे आकडा अंदाजाने भर म्हणतोस. शिवाय तीनवाल्यालाही कुणी मुलंबाळं असतील. उद्या ती दप्तरखान्यात आली तर त्यांच्या बापाची नोकरी आपण उचलून नेलेली दिसेल. म्हणून मी औषधाच्या दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि दोन्ही नंबरांची पूर्ण पानं उतरवून आणली.

कंपनीचे दोन भाग झाले होते. तीनवाला जूनमध्ये बोटीने गेला आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात परतला. दीड वर्ष समुद्रापलीकडे, एकही रजा नाही. आठवाला इकडच्या बंदरावर माल वाहत होता. तो गैरहजर झाला त्या दीड वर्षातल्या फेब्रुवारीत, नऊ तारखेपासून सत्तावीसपर्यंत.

आता तुझी जन्मतारीख आठव. त्याच वर्षाचा सतरा नोव्हेंबर.

हिशेब मी घालत नाही, तू मोजणीदार आहेस. आपण आजवर धरून चाललो की बाबा तेव्हा रजेवर आले होते. रजा कुणालाच नव्हती, दादा. तुला अजूनही तीनच नंबर हवा असेल तर आईला काय तोंडाने सांगायचं ते तू ठरव. मी त्या वेळी घरात थांबणार नाही.

आणि ते हत्यारांचं. तू कधी काही विकलेलं मला आठवत नाही. तुझ्याकडे तुटक्या छत्र्यासुद्धा चार आहेत.

राग आला तरी उत्तर लवकर यावं, एवढंच मागणं.

तुझी,
धाकटी

---

ता. २१ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आठ आहे. पाना माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेली वीस वर्षं कागद उडू नयेत म्हणून वापरतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच काढून बघितला. शेवटचा आकडा ठसठशीत आठ.

खोटं का लिहिलं ते सांगतो. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मी नऊ वर्षांचा असताना गल्लीतला एक मुलगा बाबांना पळपुटा म्हणाला. मी त्याचं नाक फोडलं. घरी आल्यावर बाबांनी मला दोन लगावल्या आणि एक पंक्चर काढायला बसवलं. तो मुलगा खोटं बोलला, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत वाट पाहत होतो की आता म्हणतील. तेव्हापासून ती गोष्ट मी कुणाकडे काढली नाही. पाटीवर नाव आलं की ती आपोआप मिटेल, असं वाटलं.

तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा आई समोरच होती. माझा चेहरा बघून तिने कागद मागितला आणि चष्मा लावून सगळा वाचला. जन्मतारखेपाशी थांबली, पुन्हा वाचलं. मग म्हणाली की एकोणीस बरोबर आहेत.

तिने जे सांगितलं ते असं. त्या फेब्रुवारीत वादळात घराचं छप्पर उडालं. आई आणि आपली आजी शेजाऱ्यांच्या जिन्याखाली राहत होत्या. आईने बाबांना कळवलं. त्यांनी रजा मागितली, मिळाली नाही, तर निघून आले. येताना पक्कड आणि खिळे घेऊन आले. वासे चढवले, पत्रे ठोकले, खिडकीला फळी मारली. एकोणिसाव्या दिवशी शेवटचा पत्रा बसला तसे हात धुऊन परत निघाले. आईने सांगून पाहिलं की आता जाऊ नका, धरतील. ते म्हणाले की ट्रक त्यांच्या सहीवर आहे आणि त्याचा ब्रेक दुसऱ्याला कळत नाही. मग महिनाभर पत्र नाही. त्यानंतर एक आलं, त्यात एवढंच होतं की काम जास्त होतं.

मी विचारलं की इतकी वर्षं हे सांगितलं का नाहीस. म्हणाली की तुम्ही कधी विचारलंत? खरं आहे. आपण दप्तरखाना गाठला, खोलीतल्या माणसाला विचारलं नाही.

मग तिने मला निष्कलंकचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली की कलंक बरा निघाला, टक्कल पडलं एवढंच.

तेव्हा आठवर सही कर आणि शेऱ्यासकट पूर्ण पानाची नक्कल घे. टपालाने पाठवू नकोस, शनिवारी पहिल्या गाडीने स्वतः घेऊन ये. समिती चार वाजता बसते. चिटणीसांना मी काल घरी जाऊन पाना दाखवला आणि सगळं सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नियम सात जणांनी केला आहे, सात जणांसमोर बोला, म्हणाले. बोलणार आई आहे. मी खुर्ची उचलायला आणि तू औषधाला. तिला दहा मिनिटं दिली आहेत. तिचं म्हणणं असं की तिला पाच पुरतील, उरलेली पाच त्यांना लागतील.

पदकही आण. इतके रविवार घासायचं राहिलं म्हणून ती चिडली आहे.

माया आहे तशीच आहे, फक्त यापुढे खणात ठेवणार नाही.

तुझा,
दादा