आईच्या टोपीतले अकरा मणी

बुलान मावशीने अकरावा मणी पुढच्या दातांवर घासला आणि डोळे मिटले, तेव्हा मी चुलीकडे तोंड करून विझलेला जाळ फुंकत होते. खरा मणी दातावर वाजतो, खोटा नुसता सरकतो, हे ती आपल्याला लहानपणापासून ऐकवत आली आहे. "शंभर नंबरी," ती म्हणाली. "असं काम आता कोण करतं गं, सुपांग?" (ताई, तिचे दात गेल्या वर्षी मिरी शहरात बसवलेत. प्लास्टिकने प्लास्टिकची चौकशी केली आणि सोडून दिलं.)

आता रीतीप्रमाणे. प्रिय फ्लोरेन्सताई, तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? इथे बारिओत थंडी आहे, अननस गोड आहेत, पाळकांचं प्रवचन अजून दीड तासाचंच आहे.

पुढच्या शनिवारी तुझ्या रिनाईच्या बाळाचा इराउ, नावं देण्याची मेजवानी. बाळाला नाव मिळेल, रिनाईला आणि जावयाला नवं मिळेल, आणि तू आजी झालीस म्हणून तुलाही. (जुनं वाईट नव्हतं, पण तुला विचारतो कोण.) ते घेताना तुझ्या डोक्यावर आईची मण्यांची टोपी हवी. म्हणून मी ती मागच्या महिन्यात काढली, तर दोरा तुटला. मणी जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून घराखाली गेले आणि खाली आपली बदकं. अकरा केशरी मणी गेले. तीन दिवस मी काठी घेऊन बदकांच्या मागे बसले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तू जेवत असशील.

मग तू रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी पाठवलेली पॉलिमर माती आठवली. मुलं तिचे मेंढपाळ करणार होती. त्यांना मी शेतातला चिखल दिला. येशूच्या वेळी कुठे पॉलिमर होतं? केशरी मातीत चिमूटभर तपकिरी मळली, विणायच्या सुईवर गुंडाळून लांबट मणी केले आणि केकच्या ओव्हनमध्ये भाजले. पहिला घाणा करपला. शेजारी विचारत आले की बादली जाळतेस का. दुसऱ्या घाण्यातल्या प्रत्येक मण्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता (पोलिसांची सोय). तिसरा पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने घासला, भोकांत काजळी भरली. एका दुपारीत त्यांचं वय शंभरावर गेलं.

मावशी आता सगळ्यांना सांगत फिरते आहे की इराउत तुझ्याच टोपीकडे बघा. तेव्हा माझं एकच मागणं: ज्यांचे स्वतःचे दात आहेत त्यांना टोपीपासून लांब ठेव.

तुझी धाकटी,
सुपांग

ता. क. आणखी माती पाठव. चिखलाचे मेंढपाळ उन्हात तडकले, मुलं रडतात.

ता. क. दुसरा. बदकांचा काही दोष नाही. दोरा तुटला नाही, मी कापला, आणि तोही मागच्या महिन्यात नाही. दोन वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात आईने माझा हात धरला. म्हणाली, "चर्चमध्ये बोलू नकोस. फ्लोरेन्सला तर नकोच, ती आधी रडेल आणि मग पाळकांना सांगेल. पण मला रिकाम्या हाताने नाही जायचं गं. मण्यांशिवाय माझी आई मला ओळखणार कशी?" शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी अकरा मणी तिच्या मुठीत ठेवले. तू तेव्हा पाळकांना चहा देत होतीस. शनिवारी ती टोपी घालायची की नाही, हे आता तू ठरव. मला विचारू नकोस. मी घाल म्हणेन.

आज सकाळी. हा दुसरा ता. क. फाडून टाकायचं काल ठरवलं होतं. नऊ वाजता विमान उतरलं आहे. पत्र आहे तसंच वैमानिकाकडे देते आहे.