तुझ्यावर हात ठेवून

माय, तुझी किडनी माझ्या पोटात उजव्या बाजूला, कातडीच्या अगदी खाली आहे. बसल्या बसल्या हात तिथे जातो. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तुझ्यातलं एवढं अजून रोज काम करतं, म्हणून तुला लिहिताना आपण काही वेड्यासारखं करतो आहोत असं मला वाटत नाही. ताईला परदेशातून बोलावणं आलं आहे. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि ती नाही म्हणणार होती. का, ते तुला ठाऊक आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची तू मला सारखी आठवतेस. नागपूरच्या त्या वॉर्डात पलंगावर पाय दुमडून बसली आहेस, आणि डॉक्टर सांगत आहेत की परका अवयव शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. तू म्हणतेस, "साहेब, धानाचे पऱ्हे बी दुसऱ्या बांधीत रोवले का पयले पिवळे पडतेत. मंग धरतेत मूळ." डॉक्टर हसले. "पण ह्या रोपाला जन्मभर औषध लागेल, बाई." तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "घेईन ना तो. मोठा टापटिपीचा आहे माहा पोरगा." मी तेव्हा नववीत होतो. शाळा तिथेच सुटली, टापटीप राहिली.

पुढच्या वर्षी मला तो लांबलेला ताप आला. औषधं शरीराची झुंजायची ताकद दाबून ठेवतात म्हणून तुझी किडनी टिकते, पण ती ताकद दबली की आत कधीचा लपलेला विषाणू डोकं वर काढतो. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा बारावीतली ताई तुझ्या शेजारी उभी होती. "मग दोन्ही एकदम कसं सांभाळायचं?" तिने विचारलं. "शिक आणि मला सांग," ते म्हणाले. ते सहज बोलले असतील. तिने मात्र त्यातच पीएचडी केली. त्यानंतर लोक दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन काही वर्षं संशोधन करतात, त्याला पोस्टडॉक म्हणतात. प्रत्यारोपण आणि विषाणू ह्या दोन्हींवर एकत्र काम करणाऱ्या जागा फार थोड्या. तिने न सांगता अर्ज केला. मुलाखत आपल्या स्वयंपाकघरातून दिली, कारण रेंज तिथेच येते. मी आतल्या खोलीत होतो. इंग्रजी फारसं कळलं नाही, पण तिचा आवाज कळला. धानाच्या रोवण्यात गाणं म्हणताना तुझा आवाज जसा मोकळा व्हायचा, तसा तो झाला होता.

तू अशाच एका रोवण्यात वीज पडून गेलीस. दसव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. तुझी काय इच्छा राहिली असेल ते लोक शोधू लागले. कोणीतरी म्हणालं, "अर्धी तं पोरात राहिली, कावळा तरी कोनाले शिवन?" दोघं-तिघं हसलेही. ऊन चढत होतं. तेव्हा ताई पुढे झाली आणि हात जोडून मोठ्यांदा म्हणाली, "माय, मी ह्याले सोडून कुठंच नाही जात." कावळा उतरला.

म्हणून ती दर शनिवारी नागपूरहून येते आणि माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून जाते. मी घरी बसून साकोलीच्या छापखान्यासाठी लग्नपत्रिका टाइप करतो, पण लग्नाला जात नाही. गर्दी, पंगत, बाहेरचं पाणी, बांधीतला चिखल, सगळंच टाळायचं. ह्या खोलीची मला सवय आहे. पण इथे मी एकटाच अडकलेला नाही, हे मला त्या मुलाखतीच्या दिवशी कळलं.

काल ती स्वयंपाकघरात डबी भरत होती. मी म्हणालो, "ताई, तू जा."

"अन् तू?"

"बाबा आहेत."

बाबा ओसरीवरून म्हणाले, "मले गोळ्याइची नावं नाही येत, पन घड्याळ येते."

"तुमचं घड्याळ भाताच्या वासावर चालते, बाबा," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "मी बोलली होती ना रे."

"एवढी शिकून कावळ्याले मानतेस?"

"कावळ्याले कोन मानते? मायले बोलली होती मी."

"माय इथंच आहे," मी म्हणालो आणि पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला. "तिनं त्या शब्दातून सोडलं तुले."

ती त्या हाताकडे बघत राहिली. "खरं सांग. तुले भेव नाही लागत?"

"नाही."

"पिवळी पडीन मी तिथं," ती म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले.

"पडशीन. मंग धरशीन मूळ."

तिने तिथेच, चुलीपाशी उभं राहून, फोनवरून होकार पाठवला. मग उरलेल्या गोळ्या भरल्या.

माय, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि ताई जाईपर्यंत घरात ठेवताही येणार नाही. तू तिला सोडलंस की नाही, मला माहीत नाही. मी तुला विचारलंच नव्हतं. आणि भीती तर इतकी वाटते की काल रात्री उठून मी डबीतल्या गोळ्या पुन्हा मोजल्या. तुझ्यावर हात ठेवून मी दोनदा खोटं बोललो.