पाचशे दहा ग्रॅम

फ्रिस्को, टेक्सस
२० जुलै २०२५

चि. राजीव यास,
मालूताईचे आशीर्वाद, वि. वि.

स्प्रिंग माझ्या डाव्या हातात आहे, नळी पंचावर, वरची सरकती स्लाइड चष्म्याच्या घरावर, आणि तिघं परत एकमेकांत बसायला तयार नाहीत. गोळ्या दुसऱ्या खोलीत कपाटात आहेत, घाबरू नकोस. फोन करून विचारलं असतं, पण तुला ऐकू येत नाही, आणि नीलला विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. पत्र नेपरव्हिलला पोचायला चार दिवस. तोवर हे टेबलावर असंच पसरून ठेवायचं की काय?

हो, पिस्तूल. काल घेतलं.

मार्चमध्ये भर दुपारी मी वर झोपलेली असताना मागचं दार फोडून कोणी घरात येऊन गेलं, ते तुला माहीत आहे. टीव्ही गेला, यांचं घड्याळ गेलं. मला जाग आली नाही. नील अल्फारेट्याहून आला, दोन दिवस राहिला आणि निघताना म्हणाला की आता घर विकून आमच्याकडे ये, नाहीतर पिस्तूल चालवायला शीक. एकाहत्तर वर्षांची आई काय निवडेल याची त्याला खात्री होती. मी दुसरं निवडलं. तो हसला, मग हसायचा थांबला. घरी पोचल्यावर त्याने मेसेज पाठवला. पिस्तूल घरात आणि बाहेर अंगावर हवं, नीट सांभाळायला हवं, आणि एक चूक झाली की वाद न घालता घर विकायचं. मी खाली ‘मान्य’ लिहिलं. हे याच घरातून गेले. मलाही इथूनच जायचं आहे. एवढंच.

आता वस्तूबद्दल. तारुण्यात तू याच वस्तू तपासायची नोकरी केलीस म्हणून तुला लिहिते. भाजीच्या काट्यावर ठेवलं. रिकामं असताना पाचशे दहा ग्रॅम. वर तळहात ठेवला तर झाकलं जातं, नळीचं टोक तेवढं बाहेर राहतं. दुकानात आधी दोन मोठी दाखवली होती, त्यांची स्लाइड माझ्या अंगठ्यांना ओढवली नाही. याची कपाटाचा खण यावा तशी मागे आली. आणि मूठ. चौतीस वर्षं भूल देताना घसा उघडून बघायचं जे उपकरण माझ्या हातात असायचं, त्याची मूठ अशीच बसायची. या दोन वस्तूंची आठवण एकत्र यायला नको होती. पण आली.

बसलं. हे लिहिता लिहिता बसलं. स्प्रिंग उलटी धरली होती. टक् असा आवाज झाला, चांगल्या डब्याचं झाकण लागावं तसा. तुला ऐकवता आला असता तर बरं झालं असतं.

मीनाक्षीला एकदम सांगू नकोस, चहा झाल्यावर सांग. माया आहेच तुझी, ती पत्राच्या उत्तरातून दिसू दे.

तुझी,
मालूताई


नेपरव्हिल, इलिनॉय
२८ जुलै २०२५

ती. मालूताईस,
शि. सा. न. वि. वि.

चहा झाल्यावर सांगितलं. मीनाक्षी म्हणाली की या वयात लोकांच्या वन्सं टाळ हातात घेतात. मग तिने पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा वाचलं.

पाचशे दहा हा आकडा मीही दोनदा वाचला. मी कारखान्यात तपासणीला होतो तेव्हा आमच्या पिस्तुलाचं वजन अकराशे होतं, आणि ते हलकं म्हणून आम्हाला त्याचा अभिमान होता. एकेका भागाला कानशीने हात लावावा लागे. मापाच्या साच्यात, म्हणजे गेजात, बसला नाही की टाकायचा. दिवसाकाठी पाटीभर टाकायचो. शिवाय रोज पन्नास फैरी झाडून बघायच्या, कानात कापूस घालून. कान तिथेच राहिले, बाकीचा मी अमेरिकेत आलो. तू लिहितेस ते माणसाच्या हाताशिवाय इतकं जुळून येतं, हे मला पटतं आणि पटत नाही. इथल्या दुकानात जाऊन बघावं म्हटलं, पण इलिनॉयमध्ये शस्त्रपरवान्याचं कार्ड असल्याशिवाय हात लावू देत नाहीत. तू कागदावर ठेवून पेन्सिलने त्याची कड काढून पाठव. रिकामं करून.

आणखी एक. आमच्या साहेबांची एक कसोटी होती, कुठल्याही कागदावर नसलेली. नवीन नमुना आला की तो एका शिपायाच्या कमरेला बांधायचे आणि त्याला दिवसभर नेहमीच्या कामाला लावायचे. संध्याकाळी विचारायचे, किती वेळा आठवण झाली? कोणी म्हणे शंभरदा, कोणी म्हणे सारखीच. साहेब म्हणत, ज्या दिवशी शिपाई सांगेल की विसरलो होतो, त्या दिवशी मी पेढे वाटीन. माझ्यादेखत कधी वाटले नाहीत. तू करून बघ.

मीनाक्षीचा नमस्कार. आमच्यावरचा लोभ हलका होऊ देऊ नकोस.

तुझा,
राजीव


फ्रिस्को
१० ऑगस्ट २०२५

चि. राजीव यास,
आशीर्वाद, वि. वि.

सोबत कागद आहे. जिथे रेघ जाड आली आहे तिथे मी चुकले, ते चुकलेलं नाही.

काल चौथ्यांदा नेमबाजीला गेले. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत, कमरेपर्यंत पांढरी वेणी, मला ‘डॉक्टर’ म्हणतात. पिस्तुलाच्या पाठीवर नखाएवढी काच आहे. उचललं की त्या काचेत एक हिरवा ठिपका जागा होतो. खाली ठेवलं की झोपतो. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं, तर ठिपका काचेत नव्हता, पंधरा फुटांवरच्या कागदावर होता. माझे डोळे मोतीबिंदू काढलेले. भूल द्यायच्या खोलीत शेवटची काही वर्षं मला नर्सला विचारावं लागे की सुई कुठे आहे. इथे मी बघीन तिथे तो ठिपका होता. ट्रिगर ओढला. हात आकाशात जाईल असं वाटलं होतं. कोणी मनगटाला चापट मारावी एवढंच झालं. दहांपैकी नऊ गोळ्या बशीएवढ्या जागेत गेल्या. मी बराच वेळ त्या भोकांकडे बघत उभी राहिले. बाईंना वाटलं मला चक्कर आली.

ते अंगावर कुठे ठेवायचं, हा प्रश्न पहिल्याच खेपेला आला होता. पर्स नको, बाई म्हणाल्या, पर्स आपण कुठेही टाकतो. शेवटी बाळंतिणीचं पोट बांधतात तसा पट्टा निघाला, डाव्या बाजूला कडक कप्पा असलेला. मी म्हटलं, सणावाराला मी साडी नेसते. त्यांनी साडी पाहिली नव्हती. पुढच्या वेळी मुद्दाम नेसून गेले आणि कुठल्या बाजूला आहे ते ओळखा म्हटलं. त्या माझ्याभोवती दोनदा फिरल्या आणि उजवी बाजू सांगितली. तीस वर्षं शिकवतेय, म्हणाल्या, पण असं झाकण पाहिलं नाही. मला नेसायला शिकवाल का, असंही विचारून ठेवलं आहे.

तुझ्या साहेबांना सांग, अजून पेढे नाहीत. पहिल्या दिवशी मला दुसरं काही सुचत नव्हतं. आता कढीपत्त्याला पाणी घालायला वाकते तेव्हा आठवतं, गाडीत बसताना आठवतं. ते कुंडीतलं झाड यांनी लावलेलं, आता माझ्या खांद्याएवढं झालं आहे.

मीनाक्षीला म्हणावं, टाळही वजनदारच असतात. तुम्हा दोघांच्या मायेची वाट बघणारी,

मालूताई


नेपरव्हिल
१९ ऑगस्ट २०२५

ती. मालूताईस,
सा. न. वि. वि.

कागद जेवणाच्या टेबलावर दोन दिवस पडून आहे. त्यावर मी माझा हात ठेवला. मग मीनाक्षीने तिचा ठेवला. तिच्या हाताखालीही सगळा झाकला गेला. ती म्हणाली, एवढंसं. मग म्हणाली, एवढंसंच असतं का? मी म्हटलं, आमच्या काळी असं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे.

तिने तुला एक विचारायला सांगितलं आहे. तो दुपारचा माणूस समोर उभा राहिला तर तू झाडशील का? मी म्हटलं, असं विचारू नये. ती म्हणाली, मग कसं विचारावं?

गणपती जवळ आले. एकटीने मोदकांचा घाट घालू नकोस. आशीर्वाद पाठव, राग पाठवू नकोस.

तुझा,
राजीव


फ्रिस्को
१ सप्टेंबर २०२५

चि. राजीव यास,
आशीर्वाद.

पेढे वाट. तुझ्या साहेबांच्या कसोटीला ते उतरलं.

आज प्रीताकडे गौरी जेवल्या. प्रीता म्हणजे मागच्या गल्लीतली, यांच्या आजारपणात दोन महिने रोज डबा आणणारी. लेबर डेची सुट्टी, त्यामुळे घरात चाळीस माणसं. मी सकाळी आठला साडी नेसले. आधी पट्टा, मग बाकीचं. पिस्तूल भरलेलं होतं, ते भरलेलंच ठेवायचं असतं. तिथे गेल्यावर मी पुरण वाटलं, पानं मांडली, ओट्या भरल्या, फुगडीच्या आग्रहाला गुडघ्याचं कारण दिलं. जेवून सोफ्यावर टेकले. प्रीताची नात नैना, चार वर्षांची, येऊन माझ्या मांडीवर आडवी झाली, पोटाशी डोकं खुपसलं आणि झोपली. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. तासभर तरी.

उठली ती गाल चोळत. म्हणाली, “आजी, युअर टमी इज हार्ड.”

सगळ्या हसल्या. प्रीता म्हणाली, मालूताईंना आज पुरणपोळी जास्तच लागली. मीही हसले. हसून झाल्यावर मला कळलं की पोरगी काय म्हणते आहे. तिच्या गालावर बोटभर लांबीचा सरळ वळ उठला होता.

सकाळपासून मला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती.

ते आपोआप उडत नाही. ट्रिगर कडक कप्प्यात झाकलेला असतो, मी दोनदा वाचलं आहे, चारदा पाहिलं आहे. काही झालं नसतं. काही झालं नाही. वस्तूत खोट नाही, हे तुला मुद्दाम लिहिते. तुझ्या साहेबांनी जे मागितलं होतं ते कोणीतरी खरंच करून दाखवलं आहे, आणि मी त्याच्यापुढे हात जोडावेत इतकं ते चांगलं आहे.

पण चौतीस वर्षं मी झोपलेल्या माणसांच्या उशाशी बसले. सर्जन फुटबॉलवर बोलायचे, नर्स हसायच्या, मी छातीची हालचाल बघायचे. एकदाही दुसरीकडे बघितलं नाही. आज झोपलेलं पोर माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या कमरेला काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

मीनाक्षीला सांग, तिचा प्रश्न आता मीच मला विचारते आहे. तिने बरोबर विचारलं होतं.

नीलला कळायचं काही कारण नाही. चार वाजेपर्यंत वळ गेला. प्रीताला अजून वाटतं मी पोळ्यांनी फुगले. घरात सगळं जिथल्या तिथे आहे, यांची खुर्चीसुद्धा. फोनमध्ये ‘मान्य’ तेवढं आहे.

पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आहे. अजूनही सुंदर दिसतं. तुम्ही दोघं आहात याचा आधार वाटतो, तो राहू दे.

तुझी,
मालूताई

२ सप्टेंबर. पाकीट बंद केलं नव्हतं म्हणून जोडते. सकाळी सातला नीलला फोन करून सगळं सांगितलं. त्याने आधी नैना कशी आहे ते विचारलं. घर विकायचा विषय मीच काढला. दहा वाजता पिस्तूल शिकवणाऱ्या बाईंकडे ठेवून आले. शनिवारी नील गाडी घेऊन येतो आहे. कढीपत्त्याची कुंडी मागच्या सीटवर मावेल का, ते मोजायचं राहिलं आहे.