मायच्या गाण्यांचं अ‍ॅप

रविवार, नंदुरबार

मायच्या फोनमधलं अहिराणी गाण्यांचं अ‍ॅप आज सहज तपासलं. गाणी वाजवायला त्याला तिचे मेसेज कशाला वाचायला हवेत? फोटो, माईक, सगळ्याची परवानगी दिलेली. कोणी दिली? मीच. नेहमीच्या स्टोअरवर ते मिळेना, म्हणून दुसऱ्या स्टोअरवरून घेतलं होतं. फोनने धोक्याची सूचना दाखवली होती. माय म्हणाली, "दाबी टाक, गानं आपलंच शे." आणि मी दाबलं. शाळेत सायबर सुरक्षा शिकवणाऱ्या मीच!

अ‍ॅप काढून टाकलं. माय शांतपणे म्हणाली, "मंग मी आते गाना कोठे आयकू?"

नेहमीच्या स्टोअरवर पुन्हा शोधलं. आमच्या बोलीतलं एकही नाही.

त्या दुसऱ्या स्टोअरवर अहिराणी गाण्यांची अजून नऊ अ‍ॅप आहेत.