तेम्योच्या थडग्यातला माणूस

गिमारास,
१२ सप्टेंबर १९९४

चि. वेनिंग हिस थोरल्या बहिणीचे, मानांग फिदेलाचे, अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, आधी बस. आपला तेम्यो जिवंत आहे. तुला आनंद होईल. मलाही झाला, मिनिटभर.

ज्या भावासाठी आपण दोघींनी वर्षभर काळे कपडे घातले, तो पालावानला खोट्या नावानं बर्फाच्या कारखान्यात नोकरी करत होता. होडी उलटी सापडली ती त्यानंच उलटी करून सोडलेली. त्याची बायको मर्लिता मनिलाला बहिणीकडे जाते म्हणून सांगायची, ती जायची नवऱ्याकडे. विम्याचे पैसे तिनं केव्हाच उचलले होते. आता दोघंही कोठडीत आहेत, विमा कंपनीला फसवल्याचा खटला होणार आहे.

सापडला कसा, ते ऐक. सुकी मासळी विकणारी नांग इस्तिंग पालावानला गेली होती. रविवारी तिथल्या चर्चमध्ये, ज्या मृतांसाठी मिस्साची प्रार्थना अर्पण केली त्यांची नावं वाचली जात होती. त्यात आपल्या आईचं नाव आलं, आणि पुढे, अर्पण करणारा तिचा मुलगा आर्तेमियो गुंबान. आईचा स्मृतिदिन होता ना! इस्तिंगनं मागे वळून पाहिलं तर हा शेवटच्या बाकावर गुडघे टेकून बसलेला. पोलिसांनी विचारलं, खरं नाव कशाला दिलंस? म्हणाला, खोट्या नावानं दिलेला मिस्सा आईला पोचला नसता.

आईशी खोटं बोलवेना त्याला. बाकी सगळ्यांशी बोलला.

मला मात्र जेवण जात नाहीये. आपल्या आईशेजारी, तेम्योच्या नावाच्या दगडाखाली, कोण आहे ग? नऊ रात्री तू तिथं आणि मी इथं कुणासाठी जपमाळ म्हटली?

तुझा जीव आमच्यात असाच गुंतलेला राहो.

तुझी मानांग फिदेला

॰

हाँगकाँग,
२८ सप्टेंबर १९९४

ती. मानांग हिस वेनिंगचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आधी हसले आणि मग रडले. ज्या म्हातारीची मी देखभाल करते तिनं विचारलं, काय झालं? सांगितलं, माझा भाऊ मेलेला नाही. ती म्हणाली, मग रडतेस कशाला? काय सांगू तिला?

मानांग, एक विचारते, रागावू नकोस. मला तेव्हा रजा मिळाली नव्हती, म्हणून मला ठाऊक नाही. प्रेत ओळखल्याच्या कागदावर सही तुझी आहे. तू तोंड पाहिलं होतंस का? लहानपणी कोंबडी कापताना तू परसाच्या टोकाला पळायचीस, म्हणून भीती वाटते. या खटल्यात तुझं नाव तर नाही ना? असलं तर लपवू नकोस. लपवणारा एक भाऊ पुरे झाला.

गावातल्या बायका काय म्हणतात तेही लिही. शाळेचे गणवेश तुझ्याकडेच शिवायला येतात ना अजून?

तुझ्या हाताचा आधार असू दे.

तुझीच, वेनिंग

॰

जिल्हा तुरुंग, इलोइलो,
१५ ऑक्टोबर १९९४

ती. मानांग हिस तोतोचा सा. न. वि. वि.

मी कितीही मोठा झालो तरी तू मला तोतोच म्हणतेस, म्हणून तसंच लिहिलं. इथला भात कच्चा असतो. तुझ्या हातचं तुरीच्या दाण्यांचं कालवण आठवतं.

वकिलानं एक वाट काढली आहे. आम्ही म्हणणार, मी कर्जाला कंटाळून निघून गेलो. समुद्रात सापडलेलं प्रेत दुसऱ्याच कुणाचं होतं, तुम्हां सगळ्यांची प्रामाणिक चूक झाली. अडचण फक्त सदऱ्याची आहे. प्रेताच्या अंगावर माझा सदरा होता, तो तू शिवलेला. तू एवढंच सांगायचं, की त्या कापडाचे पाच-सहा सदरे शिवून तू बाजारात विकले होतेस. मग तो कुणाच्याही अंगावर असू शकतो. मर्लिता सुटेल, मी सुटेन, आणि तिसरी आरोपी म्हणून तुझं नाव आहे तेही जाईल.

मानांग, तो माणूस आधीच मेलेला होता. शवागारात तीन आठवडे कुणी न्यायला आलं नव्हतं, म्हणून आम्ही पैसे देऊन आणला. आम्ही त्याला चांगली पेटी दिली, मिस्सा दिला. त्याचं काय वाईट झालं?

लहान भावाला पदराखाली घे.

तुझा तोतो

॰

गिमारास,
२२ ऑक्टोबर १९९४

आर्तेमियो यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

ते कापड बाजारातलं नव्हतं. आईनं मागावर विणलेला, कमरेला गुंडाळायचा तिचा शेवटचा पातादयोंग होता तो, निळ्या चौकड्यांचा. ती गेल्यावर तो उसवून मी तुझ्यासाठी एकच सदरा शिवला. दुसरा होण्याइतकं कापडच नव्हतं. तो तू अंगातून काढलास आणि एका परक्या प्रेताला चढवलास. हात ताठ झाले असतील त्याचे. बाह्या कशा घातल्यात रे? तू धरलंस की मर्लितानं? मी रोज शिवणाला बसते आणि बाही हातात आली की हे डोळ्यांपुढे येतं. मला शिसारी येते.

मर्लितानं मला सांगितलं होतं, तोंड माशांनी खाल्लंय, पाहू नका, सदरा पाहा. मी माझी टीप ओळखली आणि सही केली. तुम्हांला ठाऊक होतं मी तोंड पाहणार नाही. त्या भित्रेपणावरच तुम्ही सगळं बेतलंत.

कोर्टात मी एकच सदरा सांगणार. तोंड न पाहता सही केली, तेही सांगणार. मग मला जे व्हायचं ते होवो.

कालवण पाठवते आहे. तुरुंगातल्या कुणाही भुकेल्याला मी दिलं असतं.

फिदेला

॰

गिमारास,
९ मार्च १९९५

चि. वेनिंग हिस अनेक आशीर्वाद.

झालं एकदाचं. मी साक्षीला उभी राहिले. वकिलानं मला तीन वेळा विचारलं, एकच सदरा? नक्की? तेम्यो माझ्याकडे पाहत होता, जत्रेत हरवून सापडल्यावर पाहायचा तसा. मी तीनही वेळा एकच म्हटलं. खोट्या सहीबद्दल न्यायाधीशांनी मला सगळ्यांसमोर झापलं, दंडही केला, पण आरोपींतून नाव काढलं. त्या दोघांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मर्लिता माझ्या अंगावर थुंकली. लोकांनी मुलांचे गणवेश दुसरीकडे नेलेत. भावाला आत घालणारी बाई म्हणतात मला. म्हणू देत.

साक्षीनंतर थडगं उघडायचा हुकूम झाला. शवागाराच्या नोंदीवरून अंतिकेच्या किनाऱ्यावरची एक बाई सापडली. तिचा मुलगा होवितो मासेमारीच्या बोटीवरून पडला होता. तिला कुणी कळवलंच नव्हतं. हाडं न्यायला ती एकटी आली, पायात रबरी चपला, हातात तांदळाची रिकामी गोणी. गोणी पाहून मी घरी गेले आणि माझी चांगली चादर आणून दिली.

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. मी पाया पडायचीही तयारी ठेवली होती. तिनं फक्त विचारलं, पुरताना पाऊस होता का, पाद्री आला होता का. मग बराच वेळ ती चादरीची गाठ चाचपत राहिली आणि खाली बघतच म्हणाली, "त्याच्यासाठी रडलं होतं का कुणी?"

वेनिंग, मी त्या पेटीवर पडून रडले होते. दोघांनी धरून उठवलं होतं मला. ते रडणं तेम्योसाठीचं होतं. गेले सहा महिने याचीच मला सगळ्यांत जास्त किळस येत होती, की ते अश्रूही या चोरानं नेले.

मी तिला म्हटलं, "हो. मी रडले होते. खूप."

तिनं माझा हात आपल्या कपाळाला लावला आणि होडीकडे गेली.

तब्येतीला जप. म्हातारीला माझा नमस्कार सांग. तुझी माया मला हवी आहे, ती कमी करू नकोस.

तुझी मानांग फिदेला