यूचिंगचा चढ आणि गाडीचं ॲव्हरेज

२७ मे, शनिवार

गाडीचं ॲव्हरेज घसरलं आहे. हा माझा समज नाही, मोजलेला आकडा आहे. टाकी काठोकाठ भरली, किलोमीटर लिहून घेतले, आठवडाभर चालवली, पुन्हा काठोकाठ भरली. लिटरला एकतीस. मागच्या वर्षी बेचाळीस होतं.

दीडशे सीसीची गिअरची गाडी, कार्ब्युरेटरवाली, अठरा वर्षं जुनी. आई म्हणाली, मोडीत काढ आणि बॅटरीची स्कूटर घे, सगळे घेतात. कारखान्यात मी पंपांमधले दोष शोधते, त्याचाच पगार घेते. एका मोटरसायकलपुढे हात टेकले तर पगार परत करावा लागेल.

दोन दिवसांत निकाल लावते.

२८ मे, रविवार

टायरमधली हवा बरोबर. एअर फिल्टर स्वच्छ. चेन ठीक. चाकं हाताने फिरवून पाहिली, ब्रेक घासत नाही. म्हणजे दोष कार्ब्युरेटरमध्ये.

इथे ताइनान शहरातल्या चार गॅरेजमध्ये विचारलं. चौघांनीही असा चेहरा केला की जणू मी त्यांच्या दूरच्या आजारी नातेवाइकाची चौकशी करते आहे. चौथा म्हणाला, यूचिंगला जा. डोंगरातल्या आंबेवाल्यांच्या गाड्या सगळ्या जुन्या, तिथे श्यू यांच्या गॅरेजात अजून कार्ब्युरेटर उघडतात.

दोन दिवसांची मुदत वाढवली.

३ जून, शनिवार

यूचिंग. शेवटचे दहा किलोमीटर चढ. गॅरेजच्या तोंडाशी चहाचं टेबल, त्याभोवती प्लास्टिकच्या स्टुलांवर गावातली मंडळी. गाडी कोणाचीही असो, मत सगळ्यांचं.

मेकॅनिक म्हातारा असेल असं गृहीत धरलं होतं. गृहीतक चुकलं. श्यू वेन-पिन, साधारण माझ्याच वयाचा. सगळे आ-पिन म्हणतात. वडील कमरेच्या दुखण्यामुळे काओशुंगला मुलीकडे राहायला गेले, तेव्हापासून गॅरेज हा बघतो. चहा त्याची आत्या ओतते. एक कप भरेपर्यंत आत्याबाईंनी माझं गाव, नोकरी, पगार आणि लग्न झालं नाही ते, एवढं काढून घेतलं.

दोष दहा मिनिटांत सापडला. चोकची केबल गंजली होती. चोक पुरता मागे जात नव्हता, त्यामुळे इंजिनला सतत जादा पेट्रोल मिळत होतं. केबल बदलली. मी विचारलं, हे मला कसं दिसलं नाही? तो म्हणाला, केबल आतून गंजते हो, इंजिनिअरबाई, बाहेरून छान दिसते.

बोलण्याआधी तो हात पुसतो. कार्ब्युरेटर उजेडात धरून एक डोळा मिटून बघतो. काम नीटनेटकं.

९ जून, शुक्रवार

लिटरला त्रेचाळीस. दोष दूर झाला.

पण एका मोजणीवर निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. आमच्याकडे नियम आहे: दोष मुद्दाम पुन्हा घडवून दाखवता येईपर्यंत तो समजला असं लिहायचं नाही. हा नियम मी इतरांना शिकवते.

कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. पेट्रोल वाढवायच्या बाजूला. फक्त चाचणीसाठी.

१० जून, शनिवार

यूचिंगला गेले. अंगात नवा लिनेनचा शर्ट होता. उकाडा फार आहे.

आ-पिनला सांगितलं, ॲव्हरेज पुन्हा खाली आलं. हे खरंच आहे. त्याचा चेहरा पडला. स्क्रू तपासला, म्हणाला, कंपनाने सैल झाला असेल, मीच नीट बसवला नसेन. पैसे घेतले नाहीत. आपलंच काम परत आलं तर पैसे घ्यायचे नाहीत, ही त्याच्या वडिलांची पद्धत. निघताना पिशवीभर आंबे दिले.

मेकॅनिक गिऱ्हाइकांना आंबे देत नाहीत. चहाच्या टेबलाशी रोज बसणाऱ्या तेंग आजोबांना दिले नाहीत. (तेंग आजोबांची स्वतःची आंब्याची बाग आहे. तरीही.)

आई म्हणाली, गोड आहेत, कुठून आणलेस? मी म्हटलं, गाडीच्या कामातून.

१६ जून, शुक्रवार

त्रेचाळीस. तोच आकडा पुन्हा. संशयास्पद सातत्य. स्क्रू पाऊण फेरा.

१७ जून, शनिवार

आज दोन तास थांबावं लागलं. मी लांबवलं नाही, तोच खोलात जात होता. सगळे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं, काढून पेट्रोलमध्ये धुतले. मी टॉर्च धरला. टॉर्च योग्य कोनात धरल्याबद्दल तो दोनदा थँक्यू म्हणाला.

तेंग आजोबा टेबलावरून म्हणाले, आ-पिन, तुझ्या बापाने एका हाताने चहा पीत बसवला असता हा. आ-पिनचे कान लाल झाले. आत्याबाईंनी मला कप देता देता हळूच सांगितलं, बघ गं पोरी, आंब्याचा हंगाम हीच याची परीक्षा आहे. हंगाम संपेपर्यंत गिऱ्हाईक टिकलं तर गॅरेज याच्या नावावर. नाही टिकलं तर माझा भाऊ जागा थंड चहावाल्यांना भाड्याने देणार, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला.

कौटुंबिक बाब. ॲव्हरेजशी संबंध नाही.

आज आंब्यांची पेटी. मागच्या वेळी पिशवी होती. वाढ स्पष्ट आहे.

२४ जून, शनिवार

परवा ड्रॅगन-होड्यांचा सण झाला. आईने बांबूच्या पानात बांधून चिकट भात उकडला होता. दहा पुडे जास्त झाले, वाया जाऊ नयेत म्हणून यूचिंगला नेले. (आईला जास्त करायला मीच सांगितलं होतं. अंदाज बरोबर आला.)

आ-पिन पुडे बघून गडबडला. म्हणाला, अहो, तुमचं काम तीनदा बिघडवलं मी, वर तुम्हीच आणताय? आत्याबाईंनी पान सोडून खाल्लं, म्हणाल्या, भात चांगला वाफवलाय, मिरी थोडी जास्त.

बदल्यात मिठात आणि साखरेत मुरवलेल्या कैऱ्यांची बरणी मिळाली. इकडे या कैऱ्यांना प्रेमिकांचं फळ म्हणतात. ते विक्रीचं नाव आहे. तरी बरणीवर चिठ्ठी नव्हती हे तपासून घेतलं.

टेबलापाशी आज तीनच जण होते. उकाडा.

१ जुलै, शनिवार

तेंग आजोबांची तीनचाकी पुलापाशीच्या गॅरेजात दिसली. जाताना मी स्वतः पाहिली. पुलापाशीचा माणूस चांगला नाही, एक्झॉस्टला तार बांधतो. म्हाताऱ्यांना धीर नसतो.

आत्याबाईंनी आज कप ठेवताना जरा आपटला. म्हणाल्या, दर शनिवारी तुझी गाडी दारात उभी दिसते ना पोरी, लोक विचारतात, हिचं अजून झालं नाही का? बागवाले आहेत, भर हंगामात गाडी बंद पडली तर पेट्या कशावर न्यायच्या त्यांनी?

मी म्हटलं, तुमच्या भाच्याचं काम उत्तम आहे, मला पूर्ण समाधान आहे. आत्याबाई म्हणाल्या, मग येतेस कशाला?

प्रश्न रास्त आहे. मी ॲव्हरेजचा तक्ता दाखवला. तक्त्याने त्यांचं समाधान झालं नाही. आलेख काढायला हवा होता.

८ जुलै, शनिवार

गॅरेज बंद. कुलूप. शेजारच्या फळवाल्याने सांगितलं, आ-पिन दोन दिवस ताइचुंगला गेलाय, कुठल्यातरी मोटरसायकलसाठी भंगारातून अख्खा कार्ब्युरेटर शोधायला. म्हणाला, कोणीतरी शहरातली बाई आहे, तिने याची झोप उडवलीय.

झोप उडवलीय. हे शब्द फळवाल्याचे आहेत. मी फक्त नोंदवते आहे.

परतीचा रस्ता उतार. गाडी छान चालली.

१५ जुलै, शनिवार

त्याने कार्ब्युरेटर आणला. आधीच्याच मॉडेलचा, जवळपास नवा. स्वतःच्या खर्चाने. मी पैसे पुढे केले, त्याने हात मागे घेतले. म्हणाला, आता याच्यानंतर काही राहिलं नाही, इंजिनिअरबाई. आता जर ॲव्हरेज आलं नाही, तर खोट माझ्यात आहे.

मी म्हटलं, असं एकदम म्हणू नये, आकडे बघू.

बसवताना त्याने सुई, जेट, फ्लोट, प्रत्येक भाग मला दाखवून बसवला. आमची डोकी बरीच जवळ होती. कार्ब्युरेटर लहान असतो.

२१ जुलै, शुक्रवार

लिटरला पंचेचाळीस. कंपनीने नव्या गाडीला सांगितलं होतं त्याच्याहून जास्त. काम निर्दोष.

म्हणजे उद्या जायचं कारण नाही.

दुपारी विचार केला. भाग नवा म्हणजे चाचणी पहिल्यापासून. आधीच्या सगळ्या मोजण्या जुन्या कार्ब्युरेटरच्या, त्या इथे धरता येत नाहीत. शास्त्रीय दृष्टीने मी शून्यावर आहे.

स्क्रूवर आता त्याचा विश्वास बसणार नाही. झाकण उघडून आतली सुई एक खाच वर घेतली, म्हणजे पेट्रोल पुन्हा जादा.

२२ जुलै, शनिवार

लिटरला पस्तीस, असं सांगितलं. त्याने मान हलवली, पण झाकण उघडलं नाही. रुमालाने हात पुसले, पुन्हा पुसले. म्हणाला, पुढच्या शनिवारी या, बाबा येतायत काओशुंगहून.

वडिलांची ओळख करून देणार आहे. हे लवकर होतं आहे असं वाटलं, पण तारखा पाहता तसं नाही.

२८ जुलै, शुक्रवार

केस कापले. हेल्मेटखाली उकडतं.

२९ जुलै, शनिवार

पोचले तेव्हा टेबलाभोवती एकही स्टूल रिकामं नव्हतं. तेंग आजोबा सुद्धा. वडील मधोमध, कमरेला पट्टा. दारावर थंड चहावाल्यांचा माणूस टेप लावून माप घेत होता.

आत्याबाईंनी सांगितलं. ठरलंय. पुढच्या महिन्यापासून जागा भाड्याने. आ-पिन काओशुंगला मेहुण्याच्या शोरूममध्ये बॅटरीच्या स्कूटर विकणार. वडील म्हणाले, एका गाडीला आठ आठवडे लागतात तर बाकी गाव याच्याकडे कशाला येईल? मुलगा कष्टाळू आहे, पण हातात ते नाही. आ-पिन टेबलापासून लांब, स्पॅनर पुसत उभा होता. तेच स्पॅनर पुन्हा पुन्हा.

मी बोलले. सगळ्यांसमोर, स्पष्ट. म्हटलं, काम पहिल्याच दिवशी बरोबर झालं होतं. नंतर दर वेळी स्क्रू मी फिरवला. मागच्या आठवड्यात सुई मी वर केली. दोष त्याच्यात नाही, माझ्यात आहे.

तेंग आजोबा हसायला लागले. म्हणाले, बघा, याला म्हणतात संस्कार! माणसाची लाज राखायला स्वतःवर घेतेय पोरगी! वडील उठले, कमरेला हात लावून माझ्यासमोर वाकले, म्हणाले, आमच्या मुलामुळे तुम्हाला इतका त्रास, वर तुम्हीच त्याची बाजू घेताय.

मी म्हटलं, सभ्यपणा नाही, सत्य आहे. मी करून दाखवते. स्क्रूड्रायव्हर द्या.

आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, अगं, पण स्वतःची चांगली गाडी कोणी बिघडवून आणेल का? कशासाठी?

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही. स्पॅनर पुसायचा थांबला होता.

मी म्हटलं, चाचणीसाठी.

सगळे हसले. आत्याबाई सगळ्यात जास्त. तो हसला नाही. त्याने हात पुसले आणि म्हणाला, एवढं कशाला, इंजिनिअरबाई. चूक माझीच.

मग कागदावर एक पत्ता लिहून दिला. बाबांचे गुरू, फांग मिस्त्री. पाटी नाही, घरीच काम करतात, पण कार्ब्युरेटरमध्ये त्यांचा हात कोणी धरणार नाही. म्हणाला, तुम्ही ताइनानच्या, तुम्हाला जवळ पडेल.

पत्ता आमच्या घरामागच्या तिसऱ्या गल्लीतला आहे.

५ ऑगस्ट, शनिवार

फांग मिस्त्रींकडे चालत चालत गाडी ढकलत नेली, इतकं जवळ. वय ऐंशीच्या पुढे. झाकण उघडलं, सुई एक खाच खाली घेतली, स्क्रू कानाने ऐकून बसवला. म्हणाले, कार्ब्युरेटर ज्याने बसवला तो कारागीर आहे, कोण तो? मी नाव सांगितलं. म्हणाले, अशा पोराला धरून ठेवावं. मी म्हटलं, हो.

शेवटी स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. म्हणाले, आता याला कोणी हात लावला तर रंग तडकेल, मला लगेच कळेल.

मी म्हटलं, उत्तम पद्धत आहे.

११ ऑगस्ट, शुक्रवार

लिटरला सत्तेचाळीस.

१२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी

हेल्मेट घातलं. गाडी बाहेर काढली, सुरू केली, ऐकत उभी राहिले.

गाडीत काहीही दोष नाही.

बंद केली.